सर्वांना पसंत

४ फेब्रुवारी

आजारी माणूस डॉक्टरकडे बघतो तेव्हा त्याला आधी काय दिसतं, चेहरा की कपडे? मला सांगता येत नाही. आज मोठ्या मॅडमनी हे विचारलं आणि मी, जन्मभर वर्गात पहिला हात वर करणारी, आधी त्यांच्याच गणवेशाकडे पाहिलं.

मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या नौदल रुग्णालयाच्या प्रमुख. नवा गणवेश यायचाय, नमुने आलेत. वैद्यकीय अधिकाऱ्यांची मतं गोळा करायचं काम माझ्याकडे दिलंय! "पोरी, तू विचार. तुझ्यापुढे लोक खरं बोलतील. आणि गोड करून आणू नकोस हं."

बाकी सगळ्यांना त्या 'डॉक्टर' म्हणतात. मला एकटीला 'पोरी'.

बाबांना फोन केला. म्हटलं, नव्या कापडाला इस्त्री लागत नाही म्हणे. बाबांचं सगळं आयुष्य लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात गेलं. म्हणाले, "मग तू घरी आलीस की मी करू काय? तुझ्या तोंडाकडे बघत बसू?"

६ फेब्रुवारी

दिवसभर नमुना हातात घेऊन हिंडले. फेरीवालीच झालेय!

भूल देणारे डॉक्टर — त्यांना सगळे भूलोबाच म्हणतात — म्हणाले, "माझे पेशंट झोपलेले असतात. मी चादर गुंडाळून आलो तरी कुणाला कळणार नाही. लिही, उत्तम!" दातांच्या बाई मात्र भडकल्या. नव्या बाह्या कोपराच्या वर सरकतच नाहीत. "हात धुवायचे कसे? की तसेच घालू लोकांच्या तोंडात?" मग पँटच्या खिशात बोट घालायला गेल्या, तर खिसा नाहीच. नुसती शिवण! पुरुषांच्या पँटला खिसे आहेत, बायकांच्या पँटला खिशाचं चित्र. बाई हसून हसून लाल. "खोटा खिसा! आणि तोही नौदलात!"

सगळं लिहून घेतलं. एक अक्षर गोड केलं नाही.

९ फेब्रुवारी

आज दर्यावाल्यांकडे गेले. निम्मी नोकरी जहाजांवर काढलेले, आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी खिसे-बिसे काही पाहिलं नाही. कापड चिमटीत चोळलं, कोपऱ्याचा तुकडा कापला, स्टीलच्या ट्रेवर धरून काडी लावली.

कापडाची राख झालीच नाही. ते आक्रसलं, काळं पडलं आणि थेंब थेंब गळायला लागलं. थेंब ट्रेला चिकटले. मी नखाने खरवडून पाहिले, निघेनात.

"हा ट्रे आहे," दर्यावाले म्हणाले. "कातडी असती तर?"

भाजलेल्यांच्या वॉर्डात मी काम केलंय. सुती कापडही पेटतं, पण ते कापून बाजूला काढता येतं. हे मांसात रुतून बसेल. आणि हा गणवेश इंजिनरूममध्ये उतरणाऱ्या पोरांनाही मिळणार!

विचारलं, "सर, हे तुम्ही बैठकीत बोलाल?"

"बोलेन? अगं, सगळ्यांसमोर जाळून दाखवीन!"

येताना जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले.

१० फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. जळका तुकडा त्यांनी बराच वेळ हातात फिरवला. "बरं केलंस, पोरी. मी आहे."

१३ फेब्रुवारी

नवा गणवेश घालून बघायचा होता, मापासाठी. तिथे फोटोवालाही होता. मॅडमनी स्वतः माझी कॉलर सरळ केली. "हस की जरा! घरी पाठवायला होईल."

हसले. मनापासून हसले. मॅडम पाठीशी आहेत म्हटल्यावर न हसायला काय झालं?

१७ फेब्रुवारी

बैठक झाली.

मुख्यालयातले मोठे लोक समोर. मॅडम उभ्या राहिल्या. "वैद्यकीय अधिकाऱ्यांमध्ये नवा गणवेश सर्वांना पसंत आहे. बाह्या आणि खिशांबद्दल काही किरकोळ सूचना आहेत." बस्स! कापडाचा शब्दही नाही. मला वाटलं, शेवटी बोलतील. त्या खाली बसल्या.

मी उभी राहिले. "सर, कापडाबद्दल—"

"बसा, डॉक्टर." मॅडम, माझ्याकडे न बघताच. "आपला मुद्दा पोहोचलाय."

बसा. आपला. दोन शब्दांत मला उचलून दाराबाहेर ठेवलं. कानाखाली मारली असती तर इतकं लागलं नसतं.

दर्यावाल्यांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. इतका वेळ कुणाचा चष्मा पुसून होतो? भूलोबा चहाच्या कपात बघत होते. दातांच्या बाईंना एकाएकी खोकला आला.

१८ फेब्रुवारी

दर्यावाले स्वतःहून आले. "माझी दोन वर्षं राहिलीत गं. बायकोने आत्ता कुठे घर लावलंय. बोललो असतो तर परत जहाजावर धाडलं असतं." मी समोरचे केसपेपर उघडले. मग तेच चिडले. "तू एकटा जीव आहेस, तुला काय कळणार!"

भूलोबा म्हणाले, "आमच्या धंद्यात गप्प पडलेला पेशंट चांगला. इथे तूच तेवढी जागी आहेस." हसले, पण नेहमीसारखे नाहीत.

दुपारी मॅडमनी बोलावलं.

"कापड महिन्यांपूर्वीच ठरलंय. मतं विचारायची पद्धत असते."

"मग मला कशाला फिरवलंत?"

"तू फिरलीस म्हणून विचारल्यासारखं झालं."

इतक्या सरळ बोलल्या की क्षणभर मला समजलंच नाही. मग म्हणाल्या, भाजलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेचं जे शिक्षण मला घ्यायचं होतं, त्यासाठी त्यांनी माझं नाव पुढे केलंय. "सगळीकडे उभं राहून चालत नाही, पोरी. कुठे बसायचं ते कळायला हवं."

काल डॉक्टर, आज परत पोरी! या शब्दाचा मला केवढा अभिमान होता. तोही आता त्या पँटच्या खिशासारखाच वाटतो. बाहेरून शिवण, आत हात घालायला जागा नाही.

२२ फेब्रुवारी

भिंतीवर पोस्टर लागलंय. त्यावर मी! नवा गणवेश, सरळ कॉलर, बत्तीस दात. खाली मोठ्या अक्षरांत — 'आम्हाला आवडला!'

माझं मत एका ओळीत. मला न विचारता.

मॅडमनी एक घरीही पाठवलंय. बाबांनी ते इस्त्रीच्या टेबलावर डकवलंय. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतोय. आपल्या घराण्यात कुणाचं तोंड छापून आलं होतं का आजवर?" छान म्हटलं. आईने फोन ओढून घेतला.

"आवाज असा का गं?"

"सर्दी झालीय."

"डॉक्टर ना तू? मग घे की काहीतरी!"

फोन ठेवून रडले. आईबाबांना फसवलं मॅडमनी, आणि वापरलं मला.

२५ फेब्रुवारी

नवा गणवेश सगळ्यात आधी एकाच जहाजाला मिळणार आहे. त्या जहाजाला डॉक्टर हवाय, आणि जायला कुणी तयार नाही. शिक्षणाच्या जागेसाठी होकार शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

भाजलेल्यांवर उपचार शिकायला पाठवणार, आणि इकडे भाजायची सोय करून ठेवणार! दोन्हीकडे सही मॅडमच्याच हाताची.

१० मार्च

जहाजावर. शिक्षणाची जागा सोडून आले.

इथे वैद्यकीय सूचना फक्त डॉक्टर काढतो, आणि ती मोडायची तर खुद्द कप्तानालाही लेखी कारण द्यावं लागतं. आज सकाळी काढली — जिथे आगीचा धोका तिथे नवा गणवेश घालून कुणी उतरायचं नाही, जुने सुती कपडेच. सही माझी. पहिली पाळी जुन्या कपड्यांत खाली गेलीसुद्धा.

कप्तानांनी सूचना दोनदा वाचली. "डॉक्टर, हे तुमच्या मॅडमच्या कानावर गेलं तर?"

"गेलंय, सर. निघताना मीच घालून आलेय."