दुसरी वेलांटी

ता. ३ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटर एकदाचा आला. दुकानातला माणूस जमिनीवर बसून वायरी जोडत होता आणी मी त्याच्या डोक्यावर उभी होते. आता आत एक बाई बोलते. मी दाबलेलं प्रत्येक अक्षर सांगते, खोडलं की तेही सांगते, तुझी ई-मेल आली की तीही वाचून दाखवेल. पडदा मी बंदच ठेवला आहे. आंधळीला तो काय करायचा? काही बटणांवर त्याने नेलपॉलिशचे ठिपके दिले, ते वाळून बोटाला लागतात. हेडफोन मी एकाच कानाला लावते. दुसरा कान घरासाठी मोकळा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, तिथलीच ही सवय.

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरला. कोपर सुजलं, बाकी धडधाकट आहे. माझ्या चिरंजिवाला कळवू नकोस, तुला माझी शपथ. डोळे गेले तेव्हाच त्याने बजावलं होतं, की एकदा जरी पडलीस तर या घराला कुलूप आणी तू माझ्याकडे. इथे माझे हात बघतात. त्याच्या घरात मला भिंत कुठे संपते तेही ठाऊक नाही. तिथे मी खरोखरची आंधळी होईन, धाकट्या. त्याची फार भीती वाटते.

लोभ जुनाच आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


ता. ५ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

वरचं 'शिसानविवि' तुझी बाई कसं वाचते ते अवश्य कळव.

टाइप झकास केलंस. पण 'आणी' अजून दुसऱ्या वेलांटीचंच! त्यापायी शाळेत छड्या खाल्ल्यास, पोटचा मुलगा छापखान्यात मुद्रितं तपासून पोट भरतो, तरी तुझं आपलं पालथ्या घड्यावर पाणी.

पडल्याचं कुणाला बोलणार नाही. पण तुझ्या मुलाला फसवतोय असं वाटतं. न्हाणीघरात रबरी पायपुसणं टाक आणि लगेच टाक.

धाकट्यावरचा लोभ वाढता असू दे.

तुझा धाकटा


ता. ११ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं शिसानविवि ती एका दमात म्हणते, शिंकल्यासारखं. सूज उतरली आणि पायपुसणंही आणलं. बाईचा वेग मी वाढवला आहे आणि आता ती माझ्यापेक्षा भरभर बोलते, म्हणजे बघ.

धाकट्या, वरचं एवढं लिहून मी दूध उतरवायला उठले. हेडफोनची पिन काढली की बाई खोलीभर बोलते, तशी काढून ठेवली होती. मी स्वयंपाकघरात पोचते न पोचते तोच ती बोलायला लागली. मी हात लावलेला नसताना! तुला लिहिलेलं जुनं पत्र वाचत होती. न्हाणीघरात पाय घसरला, हे तिने मोठ्याने म्हटलं. मग थोडं थांबून म्हणाली, दुसरी वेलांटी खोडली. पहिली वेलांटी. परत तेच. परत तेच.

कोण आहे, असं मी ओरडून विचारलं. भिंतीला धरून खोलीत आले आणी खुर्चीवर हात फिरवला. रिकामी होती, पण ऊबदार. ती ऊब माझीच, की कुणी आता उठून गेलं होतं, कसं कळावं? कडी लावलेली होती. कडी आतून आहे म्हणजे तो बाहेर आहे, की आत?

एक्स्चेंजमध्ये लाईनवर तिसरा कान आला की आवाज किंचित खोल जायचा. घर आज तसं वाटतंय. आणी चिरंजिवाला सांगू कशी? तो सामानच बांधायला येईल. दूध उतू गेलं. लवकर लिही.

आशीर्वाद आहेतच, तूही मला विसरू नकोस.

तुझी ताई


ता. १२ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी वाटलं, तो दुकानातला माणूसच बाहेरून आत शिरतोय. पोलिसात जायला चपलासुद्धा घातल्या.

मग पत्र पुन्हा वाचलं. दुधासाठी उठण्याआधीच्या भागात सगळीकडे 'आणि' पहिल्या वेलांटीचं आहे. परत येऊन लिहिलेल्या भागात तुझं नेहमीचं. ताई, चोर कधी शुद्धलेखन तपासत नाही. तुझ्या घरी कुणी नव्हतं. दुकानदाराने अडीनडीला म्हणून तुझ्या चिरंजिवाला त्याच्या कॉम्प्युटरवरून तुझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरायची वाट करून दिली असणार. तू उठलीस, हे त्याला कुठून दिसणार? आणि तो ज्याला हात लावतो ते तुझी बाई चहाडखोरासारखं मोठ्याने सांगते, हेही त्याला ठाऊक नाही. चुकीची वेलांटी दिसल्यावर त्याचे हात शिवशिवले, एवढंच.

भाचेबुवा, हेही वाचत असाल तर मामाचा कान तुमच्याकडे आहे आणि हातही तिथवर पोचतो.

घाबरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा धाकटा


ता. १५ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकलं आणी हायसं वाटायचं सोडून भीती वाढलीच. चोर आला तर भांडी नेईल. हा मलाच नेईल.

काल कोऱ्या पानावर 'आणी' एवढं लिहिलं आणी हात मांडीवर ठेवून बसले. मग बाई म्हणाली, दुसरी वेलांटी खोडली. मी खाली लिहिलं, की आईच्या खोलीत दार वाजवून यावं, एवढं तरी मी शिकवलं होतं. मग फोन वाजला.

मला वाटलं ओरडेल. तो रडत होता. म्हणाला, की फोनवर तू 'मी ठणठणीत आहे' एवढंच सांगतेस, म्हणून रोज उघडून बघायचो की आईने आज काही लिहिलंय ना. पडल्याचं वाचल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा नाही. मी म्हटलं, मला पडायची भीती नव्हती रे, तुझी होती. मग मीही रडले.

ठरलं ते असं. मी पडले तर पहिला फोन त्याला. त्याने विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. दोघांनी शब्द पाळला तर घराला कुलूप नाही. त्याने एकदा जरी मोडला, तर मी इथे राहूनही माझ्या घरात नसेन.

म्हणून आज हेडफोनची पिन लावून ठेवली, म्हणजे बाई काही बोलली तरी खोलीत ऐकू येऊ नये. आणी हे पत्र अर्धवट सोडून मुद्दाम बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आता परत आले आहे. एकेक अक्षर ऐकून तपासता येईल, पण माझा धीर होत नाही. तुला डोळे आहेत. वेलांट्या कुठल्या आहेत ते बघ आणी जे असेल ते खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.

लोभ आहे, तो आज जरा जास्तच लागतोय.

तुझी ताई


ता. १५ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चष्मा पुसून दोनदा बघितलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दुसरीच वेलांटी आहे. एकही सुधारलेली नाही.

आता त्या बाईला बंद कर आणी (आज मीही मुद्दाम दुसरीच) निवांत झोप.

तुझा धाकटा