छतातली पाखरं

प्रिय कंपास,

आजोबा झालेल्या माणसाला अशी हाक मारू नये, असं हिनं मला आत्ताच बजावलंय. पण पाणीपुरवठ्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तुझ्या लांब टांगांवरून पडलेलं हे नाव आपली अख्खी नोकरी टिकलं. आता खरं नाव लिहायला गेलो तर आपण भलत्याच कुणाला पत्र लिहितोय असं मला वाटायला लागेल. तू मला रबर म्हणायचास, त्यावर मी कधी तक्रार केली? चार रेघा ओढून तीन पुसायचो, नाव मिळवलेलंच होतं.

तुझा शेवटचा फोन आला त्याला सहा-सात महिने झाले असतील. बोलता बोलता तू मध्येच फोन ठेवलास आणि पुन्हा काही केला नाहीस. मीही मग नाक वर करून बसलो. म्हटलं, ठेवला त्यानं, तर करू दे त्यानंच. ही रोज विचारायची, मी रोज काहीतरी थाप मारायचो. पण खरं सांगतो, तुझ्याशी भांडल्याशिवाय वर्तमानपत्र वाचण्यातसुद्धा मजा उरली नव्हती. आज अढी सोडून लिहितोय, ते का, हे सांगायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

बातमी अशी की आमच्या हॉलमध्ये होम थिएटर बसलंय. समोर तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात घुमणाऱ्या आवाजाचा एक मोठा ठोकळा आणि छतात चार. हो, छतातच. मला हे खूळ लागलं त्याला कारण होतं. गेली काही वर्षं सिनेमातली माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली होती. हल्लीच्या नटांना स्पष्ट बोलायला कुणी शिकवत नाही, असं माझं ठाम मत झालं होतं. आवाज वाढवला की मारामारी शेजाऱ्यांच्या घरात पोचायची, पण नायिका काय म्हणाली ते मला शेवटपर्यंत कळत नसे. ते हिला विचारलं की ती सांगेपर्यंत पुढचं वाक्य निघून जायचं. शेवटी ठरवलं, दोष आपल्या टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरचा. दुकानात गेलो तर तिथल्या माणसानं समोरच्या मधल्या स्पीकरमधून संवाद कसे सुटे येतात ते समजावलं आणि जाता जाता छतातल्या स्पीकरचं गाजर दाखवलं. म्हणाला, पाऊस खरोखर डोक्यावर पडतो, विमान या भिंतीकडून त्या भिंतीकडे जातं. मी घरी आलो तो छताकडे बघतच.

मग काय, कपाटावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली निघाला. छताचा नकाशा केला, पंखा, दिवे, सोफा सगळं मापात. सोफ्याच्या थोडी पुढे दोन वर्तुळं आणि थोडी मागे दोन. ही चहा घेऊन आली, नकाशाकडे बघितलं आणि म्हणाली, चांगल्या छताला चार भोकं पाडायला एवढा अभ्यास लागतो होय. तरी आमचं खोटं छत असल्यामुळे वायरी आत लपल्या, नाहीतर मला घराबाहेर झोपावं लागलं असतं. बसवायला आलेले गृहस्थ पन्नाशीचे, भयंकर बोलके. माझा नकाशा बघून त्यांनी मान डोलावली आणि मागची दोन वर्तुळं वीतभर सरकवली. मी लगेच रबर काढलं.

सगळं बसल्यावर चाचणी सुरू झाली. मी सोफ्यावर माझ्या जागी, गृहस्थ रिमोट घेऊन बाजूला. आधी छतातून ढगांचा गडगडाट सोडला. काय सांगू तुला, अंगावर काटा आला. मग म्हणाले, आता पाखरं ऐका. मी मान वर करून बसलो. छत आपलं गप्प. मी म्हटलं, तुमचे वरचे स्पीकर बंद पडले. ते चक्रावले, पण शिडी लावून वर चढले, जाळी काढली, वायर चाचपली. मी खालून सूचना देतच होतो. एवढ्या वर्षांच्या अनुभवानं आवाज जरा चढलाच माझा. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि सरळ खिडकीकडे गेली.

"अहो, खिडकी तर बंद आहे. मग ही पाखरं कुठून शिरली आत?"

गृहस्थ शिडीवरून माझ्याकडे बघत राहिले. ही माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं माझा हात धरला. पाखरं तेव्हाही ओरडतच असणार.

दुसऱ्या दिवशी ती मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. कानांचा आलेख काढतात, ठाऊक आहे? बघितल्याबरोबर मला कळला. काही अंतर सपाट आणि मग आपण सांडपाण्याच्या गटाराला द्यायचो तसा उतार. बाई म्हणाल्या, जड आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. बोलण्यातले स, त, फ असले बारीक आवाज गळून जातात, म्हणून माणसं पुटपुटतात असं वाटतं. समोर असली की ओठांवरून आणि अंदाजानं भागतं, फोनवर मात्र पंचाईत. आणि हे म्हणे चार-पाच वर्षांचं दुखणं आहे. मला त्या सगळ्या नटांची माफी मागावीशी वाटली.

आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. मजेत आहे मी, अगदी मनापासून सांगतो. हिच्या चपलांचा आवाज येतो, वर्तमानपत्र उलगडताना किती कुरकुरतं ते समजतं. न्हाणीघरातला नळ गळतो हे मला कळलं, तर ही म्हणाली, तो वर्षभर गळतोय. दुपारी आम्ही दोघं सोफ्यावर बसून नुसता पाऊस लावतो आणि ऐकता ऐकता डुलक्या काढतो. फोनचा सराव चालू आहे. ही आतल्या खोलीतून मला फोन करते आणि मुद्दाम माझ्या आईबद्दल काहीबाही बोलते, ऐकू आलं की नाही ते बघायला. आता सगळं येतं.

आणि म्हणूनच हे पत्र. आलेख बघून घरी आल्यावर मला तुझा तो फोन आठवला. त्या दिवशी तू नेहमीसारखा ओरडत नव्हतास. हळू आवाजात बराच वेळ बोललास, मध्ये थांबलास, पुन्हा बोललास. मला त्यातलं काहीही कळलं नाही रे. कितीदा 'काय, काय' करायचं म्हणून मी नेहमीसारखंच हसून म्हणालो, "वा, फार छान झालं." माझं हे वाक्य हिलाही आठवतं, तेव्हा ती शेजारीच होती. त्यानंतर तू गप्प झालास आणि फोन ठेवलास. ती बातमी छान नव्हती, हे मला आता समजतंय. तुझ्या तब्येतीचं काही होतं, वहिनींचं होतं की मुलीचं, अंदाज करायचासुद्धा मला धीर होत नाही. कुणाकडून काढून घेणंही बरं वाटेना. तू ते मला सांगायला फोन केला होतास आणि ते मला तुझ्याकडूनच ऐकायचंय. हे पत्र मिळालं की फोन कर. उशीर झालाय हे ठाऊक आहे, पण त्या दिवशी जे सांगितलंस ते पुन्हा पहिल्यापासून सांग. तितक्याच हळू आवाजात सांगितलंस तरी चालेल.

तुझाच,
रबर