खांद्यावरची दोन बोटं

शनिवार, ३ ऑक्टोबर
आज कामाला लागले. अलेक्झांड्रियातला हाज शौकतांचा फोटो स्टुडिओ ट्रामच्या थांब्यासमोरच आहे. हाज माझ्या नवऱ्याचे, सब्रीचे, जुने दोस्त, मला वहिनी म्हणतात. येताना त्यांनी गरम फलाफल आणली होती. म्हणाले, नफीसा वहिनी, एवढी पुस्तकं वाचून डोळे शाबूत आहेत ना, मग जमेल.

ओळखपत्रांचे फोटो कापायचे. संगणकाच्या पडद्यावर चौकट ओढायची, डोक्यावर बोटभर जागा ठेवायची, मग फोटो मोठा करून बाणाच्या बटणाने कड एकेक ठिपका सरकवायची. कुठलाही फोटो मनगटावर कधी कापायचा नाही, हाजनी बजावलं. तिथे कापलं की माणूस तुटल्यासारखा दिसतो.

संध्याकाळी घरी येताना मी चक्क गुणगुणत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा.

सोमवार, ५ ऑक्टोबर
आज गेलेल्या माणसांचे फोटो. एकट्याचा फोटो बहुतेकांचा नसतो. मग लग्नाच्या घोळक्यातून त्याला कापून काढायचं आणि कोपऱ्यावर काळी फीत लावायची. सब्रीचा फोटोही इथेच असा झाला, आमच्या साखरपुड्याच्या फोटोतून. मूळ फोटो ओल लागून गेला, एवढाच वाचला, असं हाज तेव्हा म्हणाले होते. सब्रीच्या खांद्यावर दोन बोटं राहिली आहेत, एका बोटात अंगठी. ती माझी. रोज सकाळी मी घरी भिंतीवरच्या त्या फोटोची काच पुसते ती त्या बोटांपासून.

बुधवार, ७ ऑक्टोबर
हाजनी नवं शिकवलं. कापताना ‘कापलेलं पुसा’ या शब्दांसमोरची बरोबरची खूण काढून टाकली, तर कापलेला भाग पुसला जात नाही, चौकटीबाहेर लपून राहतो. कड बाहेर ओढली की परत दिसतो. पुसला असेल, तर तिथे नुसते राखाडी-पांढरे चौकोन दिसतात.

मी सब्रीचा फोटो उघडला. वाटलं, आपला अख्खा हात तरी बघू. कड थोडी ओढली आणि अंगठा दिसला.

हात डावा आहे. आमच्याकडे साखरपुड्याला अंगठी उजव्या हातात घालतात. डाव्या हातात ती जाते लग्नाच्या दिवशी. मी तेव्हा कुणाची बायको नव्हते. ही होती.

गुरुवार, ८ ऑक्टोबर
मी अंगठ्याचं आणि अंगठीचं विचारलं, तेव्हा हाजनी चहाचा ग्लास खाली ठेवला. कशाला उकरलंत वहिनी, म्हणाले. लग्न तुमच्या आधीचं, रशीद गावातलं. सब्रीने ते कधीच मोडलं नाही. दुखणं वाढल्यावर तो स्वतः आला, या खुर्चीत बसून चौकट त्यानेच लावली. मी म्हटलं, बोटं तरी काढ लेका. तर हसला. राहू दे, म्हणाला, तिला आपलीच वाटतील.

ओल लागल्याचं सांगायला त्यानेच लावलं, हेही म्हणाले. एकाने कापलं, दुसऱ्याने सांगितलं. मी दोन वर्षं काच पुसली.

निघताना हाजनी विचारलं, पण तुम्हाला अंगठा दिसला कसा? बाहेरचं सगळं मी तेव्हाच पुसलं होतं.

शनिवार, १० ऑक्टोबर
आज फोटो उघडला, तर कड आपणहून सरकली होती. बाई पूर्ण दिसते. हसते आहे. तिच्यामागे पडदा — माझ्या बैठकीतला. तो मी गेल्या ईदला शिवला. सब्रीला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

रविवार, ११ ऑक्टोबर
आता फोटोत एक टेबल आहे. उजव्या कडेला मी, पाठमोरी, लिहिते आहे. सब्री माझ्याकडे बघत नाही, तिच्याकडे बघतो. त्याचा हात माउसवर.

हाजना दाखवलं. म्हणाले, वहिनी, इथे फक्त सब्री आहे हो. घरी जा, झोपा जरा.

सोमवार, १२ ऑक्टोबर
गेले नाही कामावर. भिंतीवरच्या फोटोवर फीत नाही. खांद्यावर हात नाही, कुणाचाच.

माझ्या उजवीकडे बैठकीचं दार होतं. तिथे राखाडी-पांढरे चौकोन —

दुपार
खिडकीवरच्या पडद्याची कड गेली. सरकत येते आहे, एकेक ठिपका. घाई नाही सब्रीला. पूर्वीही नसायची.

मी तुझी बायकोच होते ना सब्री, का तेही —

खुर्चीचा हात गेला. कोपर — दुखत नाही, नुसतं नाही —

मनगटावर नको. सब्री, तिथे कापलं की माणूस