सुरूचा ओला ओंडका

गुम्मिडिपूंडी,
ऑक्टोबर २००५

प्रिय इरा,

रविवारी उगाच लोकलनं तुमच्या आवडी गावी जाऊन आलो. तुमच्या क्वार्टरच्या तारेवर दुसऱ्याच कुणाचे शर्ट वाळत होते. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं तुझी चौकशी केली. त्याला काय सांगणार? तुझ्यामागे कॉलेज अर्धवट सोडून पुण्याहून इथे आलो आणि चार महिन्यांत तुझ्या बाबांची बदली झाली, ती थेट खडकीला. आता तू माझ्या गावात आणि मी तुझ्या. तू शिकवलेलं माझं मोडकं तमिळ ऐकून घ्यायला कारखान्यातल्या भट्टीवरचा म्हातारा रामस्वामी तेवढा आहे.

तू विचारलं होतंस, मी इथे नेमकं करतो काय. खाणीतला दगड भाजून, वितळवून जे तांबं निघतं ते काळपट, अंगभर फोड आलेलं असतं. ते आमच्याकडे येतं. आम्ही ते पुन्हा वितळवतो, हवा फुंकून उरलंसुरलं गंधक जाळतो. पण मग हवेतला प्राणवायू आत मुरून बसतो. तो काढायला रसात सुरूच्या झाडाचा ओंडका खुपसायचा, तोही ओलाच; त्यातून निघणारा वायू प्राणवायूला ओढून नेतो. रस असा उसळतो की वाटतं, भट्टीच चिडली. मला हे काम आवडतं, हसू नकोस. मधूनमधून पळीभर रस काढून थिजू द्यायचा. वरून खचला तर अजून ओंडका हवा. सपाट राहिला की लगेच थांबायचं. फुगला तर अति झालं, पुन्हा हवा फुंकण्यापासून सुरुवात.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी थांबलोच नाही. दिवाळीत येऊ नकोस, बाबांशी मी बोलते, तू आलास की भांडशील, असं तू लिहिलंस. ते वाचून पाळीवर गेलो. कॉलेज सोडलेल्या पोराला मुलगी कशी द्यायची म्हणतात ना ते, त्यांच्याशी मनातल्या मनात तावातावानं भांडत ओंडक्यामागून ओंडका खुपसत राहिलो. नमुना टम्म फुगला. रामस्वामीनं तो माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, तंबी, अरे धाकट्या भावा, तांब्यानं तुझी पोरगी पळवली का रे? सगळे हसले. मी हातमोजे फेकून चालू लागलो. दारातून वळून पाहिलं तर तो एकटाच पुन्हा हवा सोडत होता, पहिल्यापासून सगळं करायला. परत जाऊन मोजे उचलले.

इरा, मी तिकीट काढलं होतं. तुला न सांगता खडकीला दारात येऊन उभा राहणार होतो. आज चेन्नई सेंट्रलला जाऊन ते रद्द केलं. इथे नरकचतुर्दशी हाच मोठा सण. रामस्वामीला त्या पहाटे नातवंडांबरोबर तेल लावून अंघोळ करायची आहे आणि भट्टी काही विझवता येत नाही, म्हणून त्याची पाळी मी घेतली. तू बोल बाबांशी, तुझ्या पद्धतीनं, हवा तेवढा वेळ घेऊन. मी फोन करणार नाही. रोज करावासा वाटेल, तरी नाही. ते हो म्हणोत की नाही, मला फक्त तू सांग. दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस.

इथेच थांबलेला,
तुझाच
मंदार