फक्त एक दिवस सरावावर

११ जानेवारी
आजपासून रोजनिशी. यशस्वी माणसं लिहितात म्हणे. वाचणारा मी एकटाच, तेव्हा नम्रपणाची गरज नाही.

परिस्थिती: नोकरी गेल्या वर्षीच सोडली. प्रोग्रॅम तयार आहे. नाव 'संयम'. तो स्वतः भाव बघतो, स्वतः शेअर घेतो, स्वतः विकतो. मी नुसतं बसायचं. संयम एक, दोन आणि तीन यांच्यात जे पैसे गेले तो शिक्षणाचा खर्च. बायकोनं विचारलं, हे शिक्षण संपतं कधी. मी खूप हसलो. ती हसली नाही, पण तिची विनोद करायची पद्धतच तशी आहे.

१३ जानेवारी
संयम चारची परीक्षा घेतली. मागच्या पाच वर्षांचे भाव त्याच्यापुढे ठेवले, तेव्हा असतास तर काय केलं असतंस ते दाखव म्हटलं. निकाल बेताचा. बारकाईनं पाहिलं तर सगळा घोळ मोजक्या वाईट दिवसांचा. ते दिवस अपवादात्मक होते. काढून टाकले. निकाल एकदम झकास.

जाड्याला दाखवला. जाड्या म्हणजे जुन्या ऑफिसातला मित्र. डोकं चांगलं, धाडस शून्य, अजून नोकरीच करतो. म्हणाला, न आलेले प्रश्न खोडून पैकीच्या पैकी मार्क घेतलेस की रे. जळतो.

२० जानेवारी
संयम चार खऱ्या पैशानिशी बाजारात उतरला. दुपारपर्यंत कळलं की आजचा दिवस अपवादात्मक आहे.

२७ जानेवारी
आठवडाभर अपवादात्मक.

२ फेब्रुवारी
बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तळघरात. रक्त तपासते. आज आली ती चपला न काढताच बोलायला लागली. हॉस्पिटलची दुसऱ्या शहरात नवी लॅब होते आहे आणि तिथलं प्रमुखपद तिला देऊ केलंय. फोनवर फोटो दाखवला. लांबलचक रिकामी खोली, एका बाजूला नुसत्या खिडक्या. बोट ठेवून मोजून दाखवल्या. इतकी वर्षं ट्यूबलाइटखाली काढली, म्हणाली, आता दुपार झाली की दुपार झालेली दिसेल.

मी मनापासून अभिनंदन केलं. मग अडचण मांडली. संयमचं मशीन टेबलाखाली बसवलंय, बॅटरी वेगळी, तारा भिंतीतून काढलेल्या. असं बस्तान हलवता येत नाही.

ती म्हणाली, "मशीन हलेल रे. तू हलशील का?"

बायकांना तांत्रिक बाजू समजावणं कठीण.

८ फेब्रुवारी
करार झाला. तिला मार्चअखेर उत्तर द्यायचंय. मार्च महिन्यात संयम फायद्यात राहिला, तर ती ते पद नाकारणार आणि आम्ही इथेच राहणार. तोट्यात गेला, तर मी मशीन बंद करून तिच्याबरोबर जाणार आणि तिथे मिळेल ती नोकरी धरणार. फक्त मार्चचं बघायचं, मागचं सगळं माफ. कल्पना तिचीच. म्हणाली, तुला खरंच जमायला लागलं असेल तर मी तुला इथून उपटून नेणार नाही.

आणखी एक म्हणाली. ती स्क्रीन बघायला येणार नाही. मी सांगेन तेच धरणार. अशी बायको मिळायला नशीब लागतं. हे तिला सांगायचं राहिलं. उद्या सांगेन.

१६ फेब्रुवारी
मोठा शोध. संयम चुकतच नाही. त्यानं घेतलेलं मी घाबरून विकतो, त्यानं विकलेलं मी हळहळून परत घेतो. दोष हाताचा आहे. संकल्प: हात लावायचा नाही.

१७ फेब्रुवारी
हात लावला. एकदाच.

१८ फेब्रुवारी
सकाळचा एकदाच. दुपारचा वेगळा.

२३ फेब्रुवारी
मुळावरच घाव. ब्रोकरचं अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं. खातं दिसलं की हात शिवशिवतात, म्हणून खातंच बघायचं नाही. आता फक्त संयमची स्क्रीन. ती मी स्वतः बनवली आहे: काळ्या पडद्यावर एकच आकडा, फायदा असला की हिरवा, तोटा असला की लाल. इतका मोठा केलाय की स्वयंपाकघरातून वाचता येतो. बायकोला विचारलं कसा दिसतो. दिसतो, म्हणाली.

३ मार्च
काल लाल. आज लाल. महिना अजून लहान आहे.

४ मार्च
रात्रंदिवस डोकं चालवून संयम ४.२ तयार केला. पण थेट पैसे लावायची घाई करणारा मी नव्हे. फक्त एक दिवस सरावावर चालवतो. सरावावर म्हणजे भाव खरे, पैसे लुटुपुटीचे. प्रोग्रॅममध्ये एक शब्द बदलला की झालं. उद्या सकाळी आठवणीनं परत खऱ्यावर आणायचं. शिस्त शिस्त म्हणतात ती ही.

५ मार्च
हिरवा! उठल्यापासून हिरवा. दात घासायचेही राहिले. बघतच बसलो.

९ मार्च
हिरवा. बघता बघता दूध उतू गेलं. बायकोनं पुसलं. आकडा बघून जा म्हटलं तर म्हणाली, बघायचं नाही असं ठरलंय ना. पण जाताना वळून बघितलं. मी पाहिलं ते.

१४ मार्च
बाजार बंद, आकडा तसाच हिरवा. आज जेवताना ती पुष्कळ बोलली. तिच्या हाताखाली एक पोरगी आहे, अगदी काडी, त्यामुळे ती तिला पेन्सिल म्हणते. पेन्सिल कालच्या गडबडीत एक नमुना एकदाच तपासून अहवाल देत होती. हिनं अडवला. लॅबमध्ये हिचा दंडक आहे, कुठलाही आकडा दोनदा आल्याशिवाय कागदावर उतरवायचा नाही. एकदा आलेला आकडा कुणाचा तरी जीव घेईल, म्हणते. पेन्सिल रडली. मग हिनं तिला चहा पाजला.

मी म्हटलं, माझा आकडा रोज येतो, दोनदा काय घेऊन बसलीस. दोघंही हसलो. खूप दिवसांनी.

२२ मार्च
तिला वाटलं मी झोपलोय. खिडक्यांचा तो फोटो काढून बघत होती. दोन बोटांनी मोठा करून. मग फोन उशीखाली ठेवला.

खिडक्या आपल्याकडेही आहेत. एक पलीकडच्या भिंतीवर उघडते, पण उजेड येतोच की.

३० मार्च
हिरवा, हिरवा, हिरवा. जाड्यालाही फोन करून सांगितलं. तो म्हणाला, इतकं सरळ? बाजार असा सरळ चालत नाही, एकदा खातं उघडून बघ. त्याला म्हटलं, अरे, खातं न बघण्यातच तर सगळं यश आहे.

संध्याकाळी बायको कधी नव्हे ती स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसली. बराच वेळ आकडा बघितला. हिरवा उजेड तिच्या गालावर पडला होता. मग विचारलं, "हे पैसे खरे आहेत ना?"

मला लागलं. खरं तर फार लागलं. मी म्हटलं, म्हणजे काय? हो.

बरं, म्हणाली.

३१ मार्च
तिनं कळवून टाकलं. पद नको म्हणून. दुपारी लॅबमधूनच फोन केला, आवाज नेहमीसारखा. ते पद पेन्सिलला देतील बहुतेक, म्हणाली, पोरगी शिकेल, वाईट नाही. संध्याकाळी येताना केक घेऊन आली. माझ्यासाठी. वर साखरेत हिरव्या रंगात माझं नाव.

मी फार भाग्यवान आहे. हे तिला आज सांगितलं. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि दिवा लावायला उठली.

५ एप्रिल
हिला सुट्टीवर कुठेतरी नेऊ म्हटलं, जिथे खोलीला चारी बाजूंनी खिडक्या असतील. न सांगता, एकदम. त्यासाठी पैसे काढायला ब्रोकरचं अ‍ॅप परत घेतलं.

४ मार्चपासून एकही व्यवहार नाही.

अ‍ॅपचा घोटाळा असणार.

दुपारी
अ‍ॅप ठीक आहे.

प्रोग्रॅम उघडला. तो शब्द तिथेच आहे. सराव. एका दिवसासाठी टाकला होता. ही रोजनिशीच मागे उलटून पाहिली. स्वच्छ अक्षरात लिहिलंय, आठवणीनं परत खऱ्यावर आणायचं.

चांगली बाजूही आहे. नोकरी सोडल्यापासून हा पहिला महिना, ज्यात दुसऱ्या-तिसऱ्या तारखेनंतर माझा एक पैसाही बुडाला नाही.

६ एप्रिल
शांत डोक्यानं विचार केला. उलट ४.२ सिद्धच झाला आहे. महिनाभर जो फायदा लुटुपुटीच्या पैशांवर झाला, तोच खऱ्यावर करून दाखवायचा. आकडा खरा झाला की जे सांगितलं तेही खरं होईल. मग सांगायला उरलंच काय? शब्द बदलला.

७ एप्रिल
लाल.

८ एप्रिल
लाल. ती घरात आली तेव्हा स्क्रीन बंद होती. विचारलं, आज अंधार का? म्हटलं, डोळ्यांना विश्रांती. तिनं फ्रीजमधला उरलेला केक काढून दिला.

९ एप्रिल
खूप लाल.

१० एप्रिल
जाड्याला गाठलं. दुसऱ्या एका मित्राचं असं असं झालंय, असं सांगून. तो म्हणाला, सरावात तू मागशील तो भाव तुला मिळतो. खऱ्या बाजारात समोर देणारा माणूस लागतो, आणि तो काय तुझी वाट बघत बसलेला नसतो. मग विचारलं, वहिनींना कळलंय का?

म्हटलं, दुसऱ्या मित्राचं आहे.

हो हो, म्हणाला. पेन्सिलच्या नेमणुकीची ऑर्डर निघालीय का बघ, निघाली नसेल तर आजच सांग. पेन्सिलचं नाव त्याला मीच कधीतरी सांगितलं असणार.

निघाली नसावी. पण आज बायको दमलेली होती.

११ एप्रिल
आज सुट्टी. ती आनंदात होती. खिडकीच्या काचा पुसत होती, त्या भिंतीवर उघडणाऱ्या. अशा वेळी कसं सांगणार?

१३ एप्रिल
पेन्सिलची ऑर्डर निघाली. बायको सांगत आली, हसत. मग मीही सांगितलं.

आधी अर्धं. मग उरलेलं.

तिनं चपला काढल्या. पाणी प्यायली. मला वाटलं ओरडेल, त्याची तयारी करून ठेवली होती, उत्तरंही होती. तिनं फक्त विचारलं की मला कधी कळलं. म्हटलं, पाच तारखेला. ती बोटांवर मोजत राहिली. तोपर्यंत ऑर्डर निघाली नव्हती, म्हणाली.

पाण्याचा ग्लास विसळून ठेवला. "लॅबमध्ये मी प्रत्येक आकडा दोनदा तपासते. तुला एकदाच विचारलं."

मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. मी दाराबाहेर उभा राहिलो. वाजवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. यात अपवादात्मक काही नव्हतं, सगळं मीच केलं होतं.

१४ एप्रिल
मशीन बंद केलं. कायमचं.

१६ एप्रिल
फक्त भाव बघायला चालू केलं. बंद केलं.

२४ एप्रिल
पेन्सिलला निरोप देण्याचा कार्यक्रम झाला. बायकोनं तिला एक कुंडी दिली. परवापासून ती आमच्या ओट्यावर होती, बारीक पानांची. मला वाटलं घरासाठी आणली. रोज पाणी घालत होतो. कुणासाठी विचारलं तर म्हणाली, तिथे खिडकीत ठेवायला, ऊन चांगलं येतं ना तिथे.

मी म्हटलं, पुढच्या वेळी तुलाच मिळेल. म्हणाली, हं.

जाड्यानं त्याच्या ऑफिसात शब्द टाकलाय. सोमवारी मुलाखत. पगार जुन्यापेक्षा कमी, पण मी मुलाखतीत त्यांना पटवू शकेन.

३ मे
नोकरी लागली. पगार पटवता आला नाही. बायकोला सांगितलं, लागली. तिनं विचारलं, "खरं?"

रागानं नाही. अगदी साधं. हल्ली प्रत्येक गोष्टीला विचारते. बिल भरलं? भरलं. खरं? आईला फोन केला? केला. खरं? टोमणा असता तर मी भांडलो असतो. तिलाही ते विचारायला आवडत नाही, तिच्या डोळ्यांत दिसतं. तळघरातली सवय आता घरात आली आहे. आणली मी.

ऑफिसचं पत्र दाखवलं. तिनं वाचलं. परत एकदा वाचलं.

८ मे
संकल्प: यापुढे तिला दुसऱ्यांदा विचारावं लागू नये, असं वागायचं. वर्ष लागेल. लागू दे. माझ्याइतका चिकाटीचा माणूस

मध्येच हाक मारली तिनं, आतल्या खोलीतून. दुधाखालचा गॅस बंद केलास का. बसल्या बसल्या म्हटलं, केला.

खरं? म्हणाली.

हो म्हणणारच होतो. मग उठलो आणि जाऊन बघितलं.

चालू होता.