दुसऱ्या अंतोनीच्या मागं

दौंड, १२ जून

प्रिय मोनाली,

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर वाकडं येतं, सांभाळून घे. तुझ्या आईचे गुडघे आता कसे आहेत? तू लावलेला कढीपत्ता जगला, पण शेळी त्याच्यावर टपलेली असते, म्हणून मी दिवसभर तिथंच खुर्ची टाकून बसतो. सार्थक रविवारी तुला भेटून शिरूरहून येतो आणि बापाशी न बोलता जेवतो.

तुझ्या सासूच्या खोलीत भिंतीवर दोन संत अंतोनी आहेत. एकाच्या हातात बाळ येशू, तो हरवलेलं शोधून देणारा. दुसरा दाढीवाला म्हातारा, पायाशी डुक्कर, जनावरांचा राखणदार. तुझ्या सासूची चांदीची जपमाळ तिच्या मातीनंतर मी अंतोनीच्या फोटोमागं ठेवली, एवढंच माझ्या ध्यानात राहिलं. नाताळच्या आधी बाळ येशूवाल्याच्या मागं हात घातला, तर काही नाही. तू म्हणालीस, "आप्पा, दुसऱ्या अंतोनीच्या मागं बघा की." मी हसलो. डुकरावाल्याला हरवल्या वस्तूंचं काय कळतं, म्हणालो. आणि मग शेजारच्या अनसाबाईंसमोर बोलून गेलो, "त्या खोलीत तुझ्याशिवाय जातं कोण?" वर्षभर जिनं आजारी सासूला न्हाऊ घातलं, तिला मी हे बोललो. तू परात धुऊन पालथी घातलीस, हात पुसलेस आणि पिशवी भरून माहेरी गेलीस.

सतरा जानेवारीला दाढीवाल्याचा सण. फादर शेळ्यांना आशीर्वाद द्यायला येणार, म्हणून मी त्याचा फोटो उतरवला. जपमाळ खिळ्यालाच होती. होय, जानेवारीत. मी फोटो परत तसाच टांगला. तेव्हापासून रोज संध्याकाळी, सार्थकला ऐकू जाईल अशा आवाजात, बाळ येशूवाल्यासमोर मागतो की हरवलेलं सापडू दे. पाच महिने झाले. उद्या त्याचा सण. चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर सार्थकला आणि अनसाबाईंना सगळं सांगणार आहे. हे पत्र आजच पेटीत टाकतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. शनिवारी चौफुल्याला गाडी बदलून शिरूरला येतो. तू दार उघडलं नाहीस तरी माळ कडीला अडकवून जाईन. ती तुझीच आहे. देवाघरी जाण्याच्या आदल्या दिवशी तुझी सासू म्हणाली होती, माळ मोनालीला द्या. हे तेव्हा फक्त मी ऐकलं होतं.

तुझा सासरा,
आप्पा