गुलाबी हिरडीचं विमान

प्रिय भाऊजी,

वहिनीचे भरभरून आशीर्वाद. तुमची कंबर आता कशी आहे? जाऊबाईंना म्हणावं, भाऊजींना त्यांची ती रिमोटची विमानं उचलू द्या पण सिलिंडर नको (की तुमच्याकडे नियम उलटा आहे? तुम्हाला नेमकं कुठलं ओझं जड वाटतं, ते त्याच जाणोत). आम्ही मजेत आहोत. हे वाक्य मी गेलं वर्षभर सगळ्यांना खोटंच लिहीत आले. आज खरं आहे, म्हणून पेन जरा दाबून लिहिलं.

तुम्हाला माहीतच आहे, ह्यांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या घडवल्या, पण तो अर्धांगवायूचा झटका आल्यापासून स्वतःचंच तोंड मिटून बसले होते. उजव्या हातात चहाचा कप ठरेना. व्यायामवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो ह्यांनी कपाटामागे टाकला. अशात तुमचा फोन: "वहिनी, दादाला रिमोटचं विमान घेऊन द्या, कोलांट्या मारणारं. रिमोटवरच्या काठ्या अंगठ्यांनीच हलवायच्या असतात." मी मनातल्या मनात तुम्हाला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, कागद चांगला आहे.

दुकानात ह्यांची नजर गेली ती थेट एका करड्या लढाऊ विमानावर. दुकानदार म्हणाला, "काका, नजर आहे तुमची!" (जी वस्तू खपत नाही तिच्याकडे पाहणाऱ्याची नजर दुकानदारांना लगेच दिसते.) मी तुम्हाला फोन लावून ह्यांच्या कानाला दिला. तुम्ही काय सांगितलंत ते आता मलाही पाठ आहे: लढाऊ विमान इतकं वेगवान की पहिल्याच दिवशी हातचं जाईल; डोक्यावर पंख असलेलं शिकाऊ विमान इतकं गुणी की कोलांटी मारायला सांगावं तर आपलं सरळच होणार; तेव्हा पंख अंगाच्या मधोमध असलेलं घ्या, फोमचं, पडलं तर चिकटवता येईल असं, आणि हात गडबडला की विमान आपोआप सरळ करणारं बटण आहे ना ते बघा. (असं बटण असतं हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही.) ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "ते पिवळं दाखवा." भाऊजी, परक्या माणसाशी हे स्वतःहून बोलले! मी छताकडे बघत डोळे पुसले.

मैदानात विमान लांब जाईपर्यंत शहाणं होतं. आपल्याकडे वळलं की मात्र डाव्याचं उजवं होतं. मी "डावीकडे, डावीकडे!" ओरडले, ते माझं डावं की विमानाचं यावर आमचा वाद झाला, आणि त्याचा निकाल लागायच्या आत विमान माळ्याच्या गवताच्या ढकलगाडीत शिरलं. बटण दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. नाकाचा चेंदामेंदा. मला वाटलं, संपलं सगळं. पण हे घरी आले, कवळ्यांचं जुनं सामान काढलं आणि विमानाला हिरडीच्या गुलाबी रंगाचं नवं नाक करायला बसले. उजव्या हातात कानस होती, भाऊजी! मी दारातून बघितलं आणि गप्प राहिले. बोलले असते, तर हाताला आठवलं असतं की आपण आजारी आहोत.

परवा ह्यांनी विमान खूप वर नेलं (उंची म्हणजे चूक निस्तरायला मिळालेली मुदत, हेही तुमचंच) आणि एक अख्खी कोलांटी मारली. जराशी वाकडी, पण कोलांटीच. "अगं, बघितलंस? बघत होतीस ना?" मग माळ्याला विचारलं, कुत्रा फिरवणाऱ्या बाईंना विचारलं, बहुतेक कुत्र्यालाही. आता तोंड म्हणून मिटत नाही. माझे कान किटले आहेत. असेच किटत राहोत.

उपकार हा शब्द घरच्या माणसांत वापरू नये, म्हणून इथे लिहून खोडला आहे. खोडलेलाच वाचा.

जाऊबाईंना प्रेम, तुमच्या कंबरेला दंडवत.

तुमची,
वहिनी

ता. क. नव्या माणसाने अंगठ्यांना एक दिवसाआड विश्रांती द्यावी, असं तुम्ही दादाला कळवा. तुमचं ऐकतात. व्यायामवाल्या बाई रोज उडवा म्हणतात खऱ्या, पण मग विमान रिकामं कधी मिळणार?

ता. क. दुसरा. विमान पाठीवर उलटं झालेलं असताना वर न्यायचं, तर काठी पुढे ढकलायची की मागे ओढायची? उत्तर पत्राने नको. फोन करा, तोही हे दुपारचे झोपलेले असताना. काल मी अंदाजाने ओढली. डावा पंख सुटा कुठे मिळतो, तेही त्याच फोनवर सांगा.